पाहुणीचं ठेसन

यात्रीगण कृपया लक्ष द्या. रामाकोन्याकडून सौंसरकडे जाणाऱ्या, सौंसरहून परत येणाऱ्या आणि खैरीच्या पानठेल्यावर कुठेही न जाता नुसत्याच बसून असणाऱ्या समस्त सज्जनांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पाहुणी हॉल्टचे शेवटचे तिकीटबाबू, त्या हॉल्टचे जगातले एकमेव इतिहासकार आणि माझे कायमचे विरोधी पक्षनेते श्री. रतन हे अनिश्चित काळासाठी रद्द करण्यात आले आहेत. त्यांच्या जागी दुसरी कोणतीही व्यवस्था करण्यात आलेली नाही.

एवढं लिहिलं आणि थांबलो, रतन. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "बापू, रद्द गाडी होते. माणूस नाही होत." मग मी विचारलं असतं, "मंग माणूस काय होते?" आणि तू काहीतरी म्हणाला असतास. काय म्हणाला असतास ते मला सुचत नाही. बत्तीस वर्षं तुझ्या वाटणीची वाक्यं मी तुझ्याआधी ओळखत आलो आणि आता पेन हातात धरून बसलो आहे तर एकही येत नाही.

बारा दिवस झाले. लोक म्हणतात, हळूहळू पटेल. मला तर पहिल्या दिवशी जेवढं पटलं होतं तेवढंही आज पटत नाही. सकाळी फाटकाची कडी वाजली की मी आतूनच ओरडतो, "ये बे, इतिहास!" परवा दूधवाला दचकून परत गेला.

त्या सकाळचं आधी लिहून टाकतो, म्हणजे घशातून उतरेल. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. बगीच्यात बाया संत्री तोडत होत्या आणि तू पंपघराच्या ओट्यावर बसून माझ्याशी भांडत होतास. भांडण जुनंच, कारण तेवढं नवीन. ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं की जुन्या ठेसनाच्या भिंतीवर एक फलक रंगवायचा आणि त्यावर ठेसनाच्या नावाचा इतिहास लिहायचा. सरपंचांना माझी गोष्ट हवी होती. ती सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. तुला तुझी हवी होती. तू म्हणालास, "बापू, फकत एक काम कर. चार लोकात तुह्या तोंडानं सांग का ते गोष्ट तू बनवली म्हनून."

मी म्हणालो, "सांगतो ना बे. काय घाई आहे?"

"बत्तीस वर्सं झाले, घाई काय म्हनतं?"

"अन् तुही लिवली तर लोक वाचतीन का? तुह्या गोष्टीत हासायले काय आहे?"

तू म्हणालास, "हासायले नाई. प्यायले आहे." आणि ओट्यावरून अलगद डाव्या अंगाला कलंडलास.

मी टाळ्या वाजवल्या, रतन.

हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही म्हणून लिहितो. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. सौंसरच्या शाळेत आपल्या गॅदरिंगमध्ये तू राजा झाला होतास आणि विष पिऊन इतका सुंदर मेला होतास की हेडमास्तर स्टेजवर चढले होते. मरणं मी शिकवलं होतं तुला. घरामागे आठ दिवस तालीम केली होती. आधी अंग एका बाजूला सोड, मान मागून पडू दे. त्या सकाळी ओट्यावर तू अगदी तसाच पडलास. मला वाटलं, पठ्ठ्यानं भांडणाचा शेवट नाटकानं केला. "वा राजे!" मी म्हणालो. "वन्समोर!" तोडीवरच्या बायाही हसल्या. त्यातली एक टोपलं फेकून धावत आली, तुझ्या तोंडाजवळ वाकली आणि माझ्यावर खेकसली, "टाळ्या काय वाजवता जी! पाहा ना इकडं!"

सौंसरला दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ओट्यावरच संपलं सगळं. म्हणजे तू गेल्यावर पहिली दाद माझी होती.

आता भांडणाकडे येतो. तिथे मला जरा बरं वाटतं.

आपलं गाव खैरी. आपल्या भागात खैऱ्या इतक्या की दगड मारला तर खैरीला लागावा. पण छोट्या लाइनीवरचं आपलं ठेसन मात्र 'पाहुणी'. बोर्डावर पिवळ्या रंगात काळ्या अक्षरांनी 'पाहुनी', कारण रंगवणाऱ्याला आपला ण येत नव्हता. ठेसन म्हणजे तरी काय? एक खोली, पुढे टिनाचं शेड, जेमतेम डोकं बाहेर निघेल एवढी तिकिटाची खिडकी, आणि खिडकीत तू. गाडी इतकी सावकाश यायची की पोरंबाळं पुढच्या डब्यातून उतरून बोरं तोडत आणि मागच्या डब्यात चढत. संत्र्याच्या पेट्या, दुधाचे कॅन, शाळेचे मास्तर, माहेरवाशिणी. गावात कोणाच्या घरी काय शिजणार हे तुला आदल्या दिवशी कळायचं. तू म्हणायचास, "तिकीट पाहून माले घराचा चुला दिसते."

माझी गोष्ट त्या टिनाखालीच जन्मली. नागपूरहून एका लग्नाचे पाहुणे आले होते. परतीची गाडी दोन तास लेट, आणि मंडळी कंटाळली होती. एकानं विचारलं, "गाव खैरी, मग स्टेशन पाहुणी कसं हो?" मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी ओट्यावर चढलो.

"ऐका," मी म्हणालो. "लाइन टाकायले गोरा साहेब आला. तीन पायाचा चकाकता दुर्बीनवाला घोडा त्यानं वावराच्या धुऱ्यावर उभा केला. आमच्या खैरीचा एक गुराखी आपले ढोरं सोडून ते नवल पाहात बसला. साहेबानं विचारलं, क्या नाम है इधर का? गुराख्याले वाटलं साहेब म्हनते, काय करून राहिला बे? थो म्हने, पाहून रायलो, साहेब! साहेबानं वही काढली अन् लिवलं, 'पाहूनी रेल'!"

नागपूरकर अक्षरशः लोळले. आणि रतन, हे तू कबूल कर, सगळ्यात आधी तू हसलास. खिडकीतून डोकं बाहेर काढून हसलास, आणि ते आत घेताना चौकटीला आपटलंस. पुढे बत्तीस वर्षं मी प्रत्येक भांडणात हा पुरावा काढला. तू प्रत्येक वेळी म्हणालास, "तवा माले माहीत नोतं."

तुला कळलं दुसऱ्या दिवशी. तू घरी जाऊन आजीला माझी गोष्ट सांगितलीस. आजी भाकरी थापत होती. ती हसली नाही. पीठ लागलेल्या हातानंच तुझ्याकडे बघत म्हणाली, "कोनी सांगतलं? पाहुनी माही सासू होय."

तू ठेसनावर येऊन मला जे सांगितलंस ते मी तेव्हा कानाच्या वरच्या पाळीनं ऐकलं. पण बाराही दिवस ते तुझ्याच आवाजात ऐकू येतं आहे. तुझी पणजी लाइनीच्या मातीकामावर आली होती. चांद्याकडून आली की आणखी कुठून, कोणाला ठाऊक नाही. भराव टाकताना पटकीनं नवरा गेला. बरोबरची माणसं पुढे निघून गेली आणि ती पोटातल्या पोरासकट इथेच राहिली. गावानं तिला गावाबाहेरची जागा दाखवली, नाव मात्र कोणी विचारलं नाही. 'थे पाहुनी' म्हणायचे. वर्षं गेली, पोर मोठं झालं, तिचे केस पांढरे झाले, तरी ती पाहुणीच.

लाइन झाली तशी ती गाडीवर पाणी पाजायला लागली. गाववाले तिच्या हातचं पीत नव्हते. पण गाडीतले लोक परगावचे. त्यांना कुठे ठाऊक, कोणाची ओंजळ आणि कोणाचा लोटा? उन्हाळ्यात ते खिडकीतून हात काढून पोटभर प्यायचे. इथे तेव्हा बोर्ड नव्हता की खोली नव्हती, गाडी नुसती थांबायची. एक प्रवासी दुसऱ्याला सांगे, "पाहुनीचं पानी भेटते थ्या जागी उतरजो." असं म्हणता म्हणता ते पाहुणीचं ठेसन झालं. पुढे रेल्वेनं बोर्ड लावला तेव्हा गार्डाला जे नाव ठाऊक होतं तेच लावलं.

तू सांगून थांबलास. तेवीस-चोवीस वर्षांचा होतास आणि डोळे असे चमकत होते जसे काही तुला जमीन सापडली. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मस्त आहे. पन माही जास्त चालते."

आणि चालली की रे. लग्नात, गणपतीत, सौंसरच्या बाजारात, तहसीलच्या रांगेत. आमच्या आजोबांनी ऐकली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप दिली, जशी मॅट्रिक पास झालो तेव्हाही दिली नव्हती. "हे बरं केलं," ते म्हणाले. "आता हेच सांगत जा." मला वाटलं, म्हातारा विनोदाचा मोठा दर्दी! ते नेमकं काय बरं केलं म्हणत होते हे मला त्या दिवशी, तुला माती देऊन परतताना, नाल्याच्या पुलावर कळलं. मी तिथेच खाली बसलो. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखानं बसला. अर्धं खरं होतं.

तू हरणारा नव्हतास. पणजीचं नाव शोधायचं तू ठरवलंस. निदान एका तरी म्हाताऱ्याला ते ठाऊक असेल, असं तुला वाटे. छोट्या लाइनीवर काम केलेल्या, पेन्शनीत निघालेल्या एकेका माणसाला तू गाठत होतास. तिगावचा तो पॉइंटमन आठवतो? तू मला सोबत नेलंस, कारण मी सोबत असलो की म्हातारे बोलायला लागतात. आपण बसनं पांढुर्ण्याला गेलो, तिथून तिगावला. म्हातारा बाजेवर बसला होता, कान शाबूत, दात गायब. तू हात जोडून विचारलंस, "बाबाजी, तुमी छोट्या लाइनीवर होते ना? पाहुनीचं ठेसन याद आहे?"

"याद नाई कसं!" म्हातारा उठून बसला. "त्याची त मोठी गंमत आहे. गोरा साहेब आला होता, त्यानं एका ढोरक्याले विचारलं..."

तुझा चेहरा मी बघितला नाही. मी म्हाताऱ्याकडे बघत होतो, तोंड उघडं टाकून. माझी गोष्ट माझ्याआधी तिगावला पोचली होती! वर त्यानं साहेबाला एक कुत्रा जोडला होता, आणि शपथेवर सांगितलं की तो गुराखी त्याच्या आजाचा सगा मामा होता. मला इतका आनंद झाला की मी म्हाताऱ्याच्या पाया पडलो. खरं म्हणजे मी माझ्याच पाया पडत होतो.

परत येताना बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलास. मी कोपरानं ढोसलं, "राग आला का बे?" तू म्हणालास, "राग नाई. तुह्या गोष्टीले तिकीट लागत नाई, बापू. बिनातिकिटाची कुठीबी पोचते. माही पनजी अजून पायीच येऊन राहिली."

हे वाक्यही मी नंतर दोन लग्नांत वापरलं. तुझं नाव न सांगता.

मग छोटी लाइन बंद झाली. रूळ उचलून ट्रकांवर लादत होते तेव्हा तू शेवटपर्यंत उभा होतास, पाहुण्यांना निरोप द्यावा तसा. मोठी लाइन झाली ती अर्ध्या कोसावरून. ती गाडी आपल्या गावाकडे मान वळवूनही बघत नाही. तू सौंसरला तहसिलीत अर्ज लिहून द्यायला बसू लागलास, पण रविवारी ठेसनाचा ओटा झाडायला जायचासच. त्या खोलीत कोणाचा कापूस असतो, कधी शेळ्या असतात. मी चिडवायचो, "गाडी येनार नाई, बाबूसाहेब!" तू म्हणायचास, "गाडीसाठी कोन झाडून राहिला?"

मला तेव्हा त्यात विनोद दिसला. मला सगळीकडेच दिसतो, हाच रोग आहे. पण एक सांगतो. मी आयुष्यात हजार माणसांना हसवलं असेल, पण माझ्याशी बत्तीस वर्षं एकाच गोष्टीवरून भांडण्याइतकं महत्त्व मला दुसऱ्या कोणी दिलं नाही. लोक माझी गोष्ट ऐकायचे आणि उठून जायचे. तू ऐकायचास आणि परत यायचास. तुला ती चटका देत होती तरी परत यायचास, माझ्याच हातचा चहा प्यायचास, आणि पुन्हा म्हणायचास, "बापू, एकदा सांग." तुला नुसतं भांडण जिंकायचं असतं तर तू दुसरीकडे गेला असतास. पंचायतीत, कचेरीत, कुठेही. अर्ज लिहायला तुझ्यापेक्षा हुशार कोण होतं? पण तुला ते माझ्याच तोंडून हवं होतं. का हवं होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुझ्या बायकोनं, शीलावहिनींनी, हट्टानं ठेसनाच्या ओट्यावरच ठेवला. कापूस हलवला, शेळ्या हलवल्या. वंदना झाली, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्यांच्या बाजूला तुझा. फोटोत तू हसत नाहीस, आधार कार्डाचा वाटतो. अख्खी खैरी आली होती. पेंटरही आला होता, कारण सरपंच म्हणाले, सगळे जमलेच आहेत तर फलकावर काय लिहायचं तेही आजच ठरवून टाकू. पांढुर्ण्याहून तुझी मोठी बहीण, कौसाताई, आली होती. बारा दिवस रडून तिचे डोळे सुजले होते. ती पुढेच सतरंजीवर बसली, वहिनींना टेकून.

सरपंच म्हणाले, "आता बापूभाऊ दोन शब्द बोलतील." आणि मी उठायच्या आधीच लोक हसऱ्या तोंडानं पुढे सरकून बसले. शोकसभेत! ही माझी कमाई.

मी सांगितलं, रतन. तुझ्या तिकिटाच्या खिडकीशेजारी उभं राहून सांगितलं. "साहेबाची गोष्ट खोटी आहे. गुराखी नव्हता, दुर्बीन नव्हती. मी बनवली, याच ओट्यावर, गाडी लेट होती म्हणून." काही जण हसले. त्यांना वाटलं, ही नवी सुरुवात आहे. मी पुन्हा सांगितलं. मग हसणं थांबलं. मग मी तुझ्या पणजीचं सांगितलं, मातीकाम, पटकी, लोटा, सगळं. गाववाले तिच्या हातचं पीत नव्हते हेही सांगितलं, त्या गाववाल्यांत माझं घर पहिलं होतं हेही, आणि आमच्या आजोबांना माझी गोष्ट का आवडली हेही. हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. हशा येत नसेल तर बोलताना श्वास कुठे घ्यायचा हेच मला ठाऊक नाही. तू हे बत्तीस वर्षं कसं केलंस? शेवटी म्हणालो, "तिचं नाव आपल्या गावानं विचारलं नाही. पाहुणी एवढंच तिच्याजवळ राहिलं होतं, तेही मी तिच्याकडून काढून घेतलं. ते तिला परत द्यायचं आहे. फलकावर तेच लिहा."

आणि खाली बसलो. शीलावहिनी जमिनीकडे बघत होत्या. पेंटरनं सरपंचांकडे बघितलं, सरपंचांनी लोकांकडे. "बोला मंडळी," ते म्हणाले. "मग काय लिवाचं?"

मला वाटलं, झालं, तुझी पणजी पोचली. आता कोणीतरी 'हेच लिवा' म्हणेल. ते म्हणायचा पहिला हक्क तुझ्या घराचा, म्हणून सगळ्यांच्या माना कौसाताईकडे वळल्या. त्याच पाहुणीची सख्खी पणती ती. तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि अख्ख्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाली,

"हे त आमचा रतन जनमभर सांगत होता गा, बापूभाऊ. तू ते असली गोष्ट सांग ना, साहेबाची!"